बिल्टीवर नसलेली झोप

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय दरवर्षी देशभरातल्या अपघातांचा अहवाल काढते. २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, २०२३ साली १,७२,८९०. हे मृत्यू कोणत्या चुकीने झाले त्याचा तक्ताही त्यात असतो. अतिवेग, मद्यपान, उलट्या दिशेने गाडी चालवणे, सिग्नल तोडणे, मोबाइल, आणि यांत न बसणारे सगळे ‘इतर’. २०२२ मधले सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू एकट्या अतिवेगाच्या खात्यावर पडले आहेत. झोपेला या तक्त्यात रकाना नाही. पहाटे साडेतीनला एक ट्रक दुसऱ्या उभ्या ट्रकवर मागून आदळतो, ब्रेक लावल्याची एकही खूण डांबरावर दिसत नाही, आणि तरी फिर्यादीत ठरलेलेच वाक्य उतरते: ‘भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणे वाहन चालवून’. चालक किती तास जागा होता हे विचारले जात नाही, कारण विचारले तरी लिहायचे कुठे?

मला हा रकाना हवा आहे. वेग चालकाच्या माथी मारून प्रकरण तिथेच मिटवता येते. थकव्याचे तसे नाही. थकवा नोंदवायला लागलो की प्रश्न लगेच दुसऱ्यांच्या दारात जातो. त्याला निघायला किती वाजता सांगितले? माल भरायला किती तास ताटकळत ठेवले? कधी पोचायचे होते? पैसे कशावर ठरले होते, वेळेवर की फेरीवर? ट्रकची केबिन हे कामाचे ठिकाण आहे. कामाच्या ठिकाणी माणूस किती वेळ राबतो याची जबाबदारी काम देणाऱ्याची असते, हे गिरण्यांच्या बाबतीत आपण केव्हाच मान्य केले. नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली १८७७ मध्ये. गिरणी कामगाराचे तास कायद्याने आवरायला बराच काळ गेला, पण १९२२ मध्ये दिवसाला अकरा आणि आठवड्याला साठ तासांची मर्यादा आलीच, आणि १९४६ मध्ये ती आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांवर उतरली. सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये देशातल्या दहा शहरांमधल्या ट्रकचालकांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात चालक दिवसाला सरासरी बारा तासांच्या घरात गाडी चालवत असल्याचे आढळले. निम्म्यांनी सांगितले की थकवा किंवा झोप आली तरी ते चालवत राहतात. म्हणजे आजचा ट्रकचालक शंभर वर्षांपूर्वीच्या गिरणी कामगारासाठी ठरवलेल्या मर्यादेच्याही पलीकडे राबतो आहे, आणि तेही पंचवीस-तीस टनांचा लोखंडी डोलारा हातात धरून.

नागपूरकरांनी हा विषय आपला मानायला हवा, कारण देशाची मालवाहतूक आपल्या अंगणातून जाते. उत्तर-दक्षिण जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि सुरतेहून पारादीपकडे जाणारा ५३ इथे एकमेकांना छेदतात. अमरावती रोडवर वाडी, भंडारा रोडवर कापसी, कळमन्याचा बाजार, बुटीबोरी आणि हिंगण्याची औद्योगिक वसाहत, कोराडी-खापरखेड्याची वीजकेंद्रे, वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या (वेकोलिच्या) खाणी: या शहराची रोजीरोटी चाकांवर आहे. आणि याच शहराच्या रेल्वे स्थानकावर आपल्याला दुसरी पद्धत रोज पाहायला मिळते. नागपूरला गाडी येते आणि इंजिनचालक बदलतो. आलेला चालक सही करून कामावरून उतरतो, रनिंग रूममध्ये त्याच्यासाठी खाट असते, जेवण असते. चढणारा चालक श्वासाची तपासणी देऊन सही करतो. त्याची ड्यूटी कधी सुरू झाली आणि कधी संपली, दोन्ही वेळा कागदावर असतात. रेल्वेतही तास जास्त होतात, लोको पायलटांच्या संघटना त्यावर वर्षानुवर्षे भांडत आहेत. पण भांडता येते याचे कारणच ती नोंद आहे. वाडीला थांबलेल्या चालकाकडे दाखवायला एक बिल्टी असते. तिच्यावर मालाचे वजन असते, पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव असते, भाडे असते. चालक शेवटचा कधी झोपला हे कुठल्याच कागदावर नसते.

कायदा नव्हता असे मात्र नाही. मोटार वाहतूक कामगार अधिनियम १९६१ चा होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. लांबच्या मार्गावर परवानगीने दहा आणि चोपन्न. सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. दोन दिवसांच्या कामामध्ये सलग नऊ तासांची सुटी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ ने चालकांच्या तासांसाठी हीच मर्यादा लागू केली. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की ही आठ आणि अठ्ठेचाळीस तासांची तरतूद पाळली जात नाही, तेव्हा केंद्राने राज्यांना बोलावून अंमलबजावणी कशी करणार ते ठरवावे. साठीच्या पुढे गेलेल्या कायद्याची अंमलबजावणी ‘कशी करणार’ हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला विचारावा लागतो, यातच तो किती पाळला गेला हे आले.

तो पाळला का गेला नाही, याची दोन कारणे मला ठळक दिसतात. पहिले असे की कायदा एका खात्याकडे आणि रस्ता दुसऱ्याकडे. तासांची नोंदवही तपासण्याचा अधिकार कामगार खात्याच्या निरीक्षकाचा. तो महामार्गावर ट्रक थांबवत नाही. थांबवतात ते आरटीओ आणि पोलिस. ते परवाना पाहतात, फिटनेस पाहतात, ओव्हरलोड पाहतात. चालकाच्या तासांची वही मागणे हा त्यांच्या रोजच्या कामाचा भाग कधी झालाच नाही. दुसरे कारण अधिक खोल आहे. १९६१ चा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायालाच लागू होता. आपल्याकडे बहुतेक मालक एक, दोन, चार गाड्यांचे. मोठी कंपनी माल उचलते, तो एका ट्रान्सपोर्टरला देते, तो दलालामार्फत बाजारातून गाडी लावतो, आणि शेवटी स्टीअरिंगवर बसतो तो एका गाडीच्या मालकाचा चालक किंवा स्वतः मालक. कायद्याने पकडावे असा मालक साखळीत होता, पण चालक त्याच्या हजेरीपटावर नव्हता. नोव्हेंबर २०२५ मध्ये चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९६१ चा कायदा व्यावसायिक सुरक्षा संहितेत विरघळला. या संहितेत वाहतूक व्यवसायासाठी उंबरठा आहे दहा कामगारांचा. पाचाचे दहा झाले. आधीच ज्याच्यापर्यंत कायदा पोचत नव्हता, त्याच्यापासून तो आणखी लांब गेला. सुरक्षेचे नाव असलेल्या संहितेने हे करावे, हे मला मान्य होत नाही.

केबिनमधली माणसेही या काळात कमी होत गेली. राष्ट्रीय परवान्याच्या ट्रकवर दोन चालक असले पाहिजेत आणि मागे एकाला आडवे होता येईल अशी जागा हवी, असा केंद्रीय मोटार वाहन नियम होता. मालक तो कितपत पाळत होते हा वेगळा प्रश्न, पण निदान नियमाला झोप माहीत होती. २०१८ मध्ये केंद्राने दोन चालकांची सक्ती उठवली, आणि त्याच्या बदल्यात काय मागितले? फास्टॅग आणि गाडीचा ठावठिकाणा सांगणारे यंत्र. जुलै २०२५ च्या वाहतूकदारांच्या आंदोलनात महाराष्ट्रातली क्लीनरची सक्ती काढून टाका, ही मागणी पुढे होती. क्लीनर फक्त ताडपत्री बांधायला नसतो. रात्री तीनला तो बोलत राहतो, चहा घ्यायला लावतो, चालकाचे डोळे मिटताना त्याच्या लक्षात येते. छोट्या मालकाला त्याचा पगार परवडत नाही हे खरे आहे, ती तक्रार खोटी नाही. पण मग भाड्याचे दर एवढे खाली कुणी आणले, हा पुढचा प्रश्न विचारायचा की नाही?

थकलेला चालक किती धोक्याचा, याचे मोजमाप झालेले आहे. सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते, हे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवून दिले आहे. चोवीस तास जागरण झाले की ती पातळी ०.१० च्या आसपास जाते. भारतात गाडी चालवताना कायद्याची मर्यादा ०.०३ आहे. तेव्हा सकाळी सहाला उठून कळमन्यात दिवसभर माल चढण्याची वाट पाहिलेला आणि रात्री अकराला वाडीहून निघालेला चालक थेंबभर दारू न पिता कायद्याच्या दृष्टीने मद्यपीच्या पुढे गेलेला असतो. आपण त्याच्या तोंडाशी मशीन धरतो, आकडा शून्य येतो आणि त्याला जाऊ देतो. त्याला दिवसभर ज्या गोदामाने थांबवले, त्याच्या दारात कुणी जात नाही. ते थांबणे बहुतेक वेळा बिनपगारी असते. फेरीवर पैसे ठरले की वाट पाहण्यात गेलेले तास झोपेतून वसूल करावे लागतात. रस्त्यावरच्या वेगाचे मूळ कितीदा त्या गोदामाच्या फाटकाशी असते!

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाने हा प्रश्न आपल्यासमोर फार क्रूरपणे ठेवला. शिवमडक्यापासून शिर्डीपर्यंतचा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, आणि ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा खुला होऊन सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. १ जुलै २०२३ च्या रात्री दीडच्या सुमारास नागपूरहून पुण्याला निघालेली एक खासगी बस सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याला उलटून पेटली. पंचवीस माणसे जळून गेली. चालक वाचला. टायर फुटला असे त्याने सांगितले, परिवहन विभागाच्या तपासणीत टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही, चालकावर गुन्हा दाखल झाला. चर्चा टायरची झाली, दारूची झाली, बसच्या दारांची झाली, रस्त्याच्या एकसुरीपणाची झाली. नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी सरळ, निर्मनुष्य रस्त्यावर येणाऱ्या त्या गुंगीकडे लक्ष वेधले, ते महत्त्वाचेच होते. पण रात्रीच्या बसवर चालक ठेवताना आदल्या दिवशी तो काय करत होता हे नोंदवण्याची जबाबदारी मालकावर कायद्याने टाकायची की नाही, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. गणेशपेठेच्या बसस्थानकातून निघणाऱ्या एसटीच्या चालकाची ड्यूटी कागदावर असते. तिथून हाकेच्या अंतरावर बैद्यनाथ चौकातून सुटणाऱ्या खासगी बसवर तेवढी तरी सक्ती का नसावी?

त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला वैजापूरजवळ समृद्धीवरच भाविकांची मिनीबस एका ट्रकवर आदळली आणि बाराजण गेले. तपासणीसाठी हा ट्रक परिवहन खात्याच्या लोकांनीच महामार्गावर थांबवला होता, असा आरोप झाला आणि त्यात दोन अधिकाऱ्यांना अटक झाली. वेगाचा रस्ता बांधताना थांबण्याच्या जागा मागाहून येतील असे आपण धरून चाललो. पहिले कित्येक महिने त्या रस्त्यावर पेट्रोलपंप, स्वच्छतागृह, ट्रक उभा करून दोन तास पडण्याची जागा पुरेशी नव्हतीच. चालक थांबला तर रस्त्याच्या कडेला धोका, न थांबला तर डोळ्यांत धोका.

या बाबतीत नागपूरच्याच खासदारांना, नितीन गडकरींना, श्रेय द्यायला हवे. ट्रकचालकांचे तास वैमानिकांसारखे ठरवून द्यावेत, असे त्यांनी २०२१ मध्ये जाहीरपणे म्हटले होते. उन्हाळ्यात ४३ ते ४७ अंशांत बारा-चौदा तास चालवणाऱ्या चालकांची अवस्था त्यांनी बोलून दाखवली, आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन बंधनकारक झाले. मे महिन्यात नागपूरच्या रस्त्यावर इंजिनशेजारी बसून पाहिलेल्या कुणालाही हा निर्णय किती मोलाचा आहे हे सांगावे लागणार नाही. माझी भीती एवढीच आहे की तासांची मर्यादा नसेल तर हा थंडावा चालकाच्या वाट्याला विश्रांती म्हणून येणार नाही. दुपारी उन्हामुळे जे दोन-तीन तास तो झाडाखाली गाडी लावून पडायचा, तेही आता चालवण्याचे तास होतील. एसी आहे ना, मग थांबलास कशाला, असा फोन येईल. केबिन सुधारली आणि घड्याळ सुटे राहिले, तर सुधारणेचा नफा माल पाठवणारा घेऊन जाईल.

तासांवर नजर ठेवणे अशक्य आहे, असे वाहतूक धंद्यातले लोक म्हणतात. पूर्वी तसे असेल, आज नाही. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा आहे. कोणती गाडी कोणत्या नाक्यावर किती वाजून किती मिनिटांनी गेली हे सरकारला माहीत आहे. ई-वे बिलावर माल कधी निघाला ते लिहिलेले असते आणि दर दोनशे किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने त्याची मुदत मोजली जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये देवलापारजवळ, नागपूर-जबलपूर रस्त्यावर, ट्रकच्या धडकेत एका बाईचा जीव गेला. मदतीला कुणी थांबेना, म्हणून तिच्या नवऱ्याने मृतदेह मोटारसायकलला बांधून नेला, ते चित्र सगळ्या देशाने पाहिले. पळून गेलेला तो ट्रक नागपूर ग्रामीण पोलिसांनी नाक्यांवरच्या कॅमेऱ्यांचे चित्रण संगणकाकडून चाळून छत्तीस तासांत हुडकला आणि उत्तर प्रदेशातून पकडून आणला. माणूस मेल्यावर एवढ्या चपळाईने ट्रक सापडतो. मग तोच ट्रक सलग सोळा तास नाक्यामागून नाका ओलांडतो आहे, हे आधी का दिसू नये? टॅग गाडीचा असतो, चालकाचा नसतो, हा आक्षेप बरोबर आहे. चालकाच्या परवान्याचा क्रमांक फेरीच्या सुरुवातीला ई-वे बिलाला जोडला की तो आक्षेप संपतो. २०२१ मध्ये नागपुरातच शहर बसवर टक्कर टाळणारी यंत्रे लावण्याचा ‘आयरास्ते’ प्रकल्प सुरू झाला होता. समोरून कोण येते ते दाखवणारे यंत्र आपण बसवू शकतो, तर गाडीत बसलेला माणूस किती वेळ जागा आहे हे मोजणे आपल्या आवाक्याबाहेरचे कसे?

मोजल्यानंतर दंड कुणाला, हा खरा वाद आहे, आणि इथे मी कुठलीही मवाळ भूमिका घेणार नाही. चालकाला दंड केला तर आपण पुन्हा सगळ्यात दुबळ्या माणसाला पकडले. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत नागपूरच्या पेट्रोलपंपांवर लागलेल्या रांगा लोकांना आठवत असतील. धडक देऊन पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंतची शिक्षा देणारे भारतीय न्याय संहितेचे कलम १०६(२) येणार म्हणून देशभर चालकांनी गाड्या उभ्या केल्या. पळून जाणे समर्थनीय नाही, जखमीला रस्त्यावर टाकून जाणे तर मुळीच नाही. पण चालकांचा राग समजून घेण्याजोगा होता. धंद्याचे सगळे निर्णय वरचे घेणार आणि तुरुंगात जाण्याची वेळ आली की खालचा एकटा! ते कलम अजून अमलात आलेले नाही. ते आणायचे असेल तर त्याच्या शेजारी दुसरे कलमही यायला हवे: चालकाला तासांची मर्यादा ओलांडायला लावणारी मुदत ज्याने दिली, त्या मालकाला, ट्रान्सपोर्टरला आणि माल पाठवणाऱ्यालाही आरोपी करणारे.

हे जगात कुठेच होत नाही असे नाही. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमात दिवसाला नऊ तास, साडेचार तासांनंतर पाऊण तास विश्रांती, आणि गाडीत नोंद करणारे यंत्र. त्याच नियमात अंतरावर किंवा मालाच्या वजनावर असे पैसे देण्याला बंदी आहे, ज्यामुळे रस्त्यावरची सुरक्षितता धोक्यात येईल. ऑस्ट्रेलियात जबाबदारीची साखळी कायद्यातच आहे. माल पाठवणारा, भरणारा, वेळापत्रक आखणारा, सगळे त्या साखळीत धरले जातात. तिथले सगळे रामराज्य आहे असे मी म्हणत नाही. पण तिथे ‘मला काय माहीत चालक झोपला नव्हता’ हे उत्तर कायद्यापुढे पुरत नाही.

खर्चाचा मुद्दा मी टाळणार नाही. तास आवरले की फेऱ्या कमी होतील, भाडे वाढेल, काटोल-वरुडच्या संत्र्याला दिल्लीत उशिरा पोचणे परवडणार नाही. याला एक उत्तर आहे चालक बदलण्याचे. चार-पाच तासांनी चालक उतरतो, गाडी पुढे जाते, आणि उतरलेला दुसऱ्या गाडीने घराकडे परततो. गुरुग्रामच्या रिव्हिगो कंपनीने २०१४ नंतर ही रिले पद्धत प्रत्यक्ष चालवून दाखवली. चालक रात्री घरी पोचू लागले, माल उलट लवकर पोचू लागला. धंदा म्हणून ती कंपनी टिकली नाही, २०२२ मध्ये तिचा एक्सप्रेस व्यवसाय महिंद्रा लॉजिस्टिक्सकडे गेला, हेही सांगायला हवे. त्यातून मी असा अर्थ काढतो की जो एकटा नियम पाळतो तो महागात पडतो आणि बाजार त्याला मारतो. म्हणून हे ऐच्छिक ठेवून चालत नाही, सगळ्यांना एकच नियम लागतो. चारही दिशांचा माल जिथे मिळतो ते नागपूर चालक बदलण्याचे सगळ्यात सोयीचे ठिकाण आहे. रेल्वेने ते इंजिनांसाठी केव्हाच ओळखले.

नव्या कायद्याची वाट न पाहताही एक गोष्ट करता येईल. नागपूरच्या परिसरातला माल पाठवणारा सगळ्यात मोठा मालक सरकारच आहे. वेकोलिचा कोळसा, कोराडी-खापरखेड्याची राख, अन्न महामंडळाचे धान्य, हे सगळे निविदा काढून ट्रकांनी हलवले जाते. त्या निविदांमध्ये दर, टन आणि विलंबाचा दंड असतो. त्यातच चार अटी घालाव्यात. फेरी सुरू करताना चालकाच्या मागच्या नऊ तासांच्या विश्रांतीची नोंद बिल्टीवर असावी. फाटकाशी दोन तासांपेक्षा जास्त थांबवले तर चालकाला तासाप्रमाणे पैसे मिळावेत, ते मालकाच्या खिशात न जाता थेट त्याच्या खात्यात जावेत. पोचण्याची मुदत आठ तासांच्या हिशेबाने ठरावी. आणि अपघात झाला तर ही नोंद पंचनाम्याला जोडावी, मग दोष कुणाचाही निघो. या अटी एका सरकारी निविदेत आल्या, की खासगी कंपन्यांकडे त्या मागणे निदान अशक्य वाटणार नाही. वेकोलिचे मुख्यालय सिव्हिल लाइन्समध्ये आहे, कामगार आयुक्तालयाचे कार्यालय शहरातच आहे, आणि रस्ते वाहतूक मंत्र्यांचे घरही.